दुधरामच्या तीन मंडया

धान गिरणीत घातलं की तांदूळ एका बाजूला पडतो आणि कोंडा दुसऱ्या. तांदूळ लोक घरी नेतात. कोंडा तिथंच साचतो आणि हंगाम संपता संपता त्याची टेकडी होते. नाटकाचंही तसंच आहे. नाटक बघून लोक घरी जातात, विसरतात. मागे आमच्यापाशी साचतात ते किस्से! गेली सव्वीस वर्षं मी आमच्या मंडळाचा प्रॉम्प्टर आहे. माझी टेकडी केवढी असेल, तुम्हीच विचार करा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लाखनीला हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आहे. हवा भरणं हा माझा धंदाच आहे. तेव्हा एखाद्या किस्स्यात हवा जास्त झाली असं वाटलं, तर सांभाळून घ्या. टायर मात्र खरा आहे!

आज सांगतो ते सगळे किस्से दुधरामचे. ढिवराचा पोरगा. बाप महागू तलावात आणि नदीत मासे धरणारा. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा सगळे नव्या गावात आले. रस्ते सरळ, घरांना नंबर, आणि झाडं म्हणाल तर माणसाच्या गुडघ्याएवढी.

तिथून सुरू करू.

*

दुधराम तेव्हा सहावीत. दोन दिवस शाळा बुडवून तलावात पोहला. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "कुठं होता रे?"

दुधरामनं एकदम भोकाड पसरलं. "गुरुजी, माहा आजा गेला!"

रडला तो असा की बाजूच्या वर्गातल्या पोरीही रडायला लागल्या. गुरुजींनी डोळे पुसले. हेडमास्तरांनी शाळा अर्ध्यातून सोडली आणि हार घेऊन, तीन गुरुजी आणि अख्खी सहावी घेऊन निघाले दुधरामच्या घरी!

आजा ओसरीवर बसून भात-मासोळी खात होता.

दुधराम मागच्या गल्लीतून पुढं पळाला आणि आज्याच्या कानात काहीतरी बोलला. आज्यानं एकदा रस्त्याकडं पाहिलं. हेडमास्तर येत होते, हातात हार. म्हातारा म्हणाला, "एवढ्या उन्हाचे आलेत बिचारे. वापस कसे पाठवाचे?" त्यानं ताट खाटेखाली सरकवलं, चादर ओढली आणि पडला!

गुरुजींनी हार घातला. दोन मिनिटं शांतता पाळली. तेवढ्यात महागू माशांची टोपली घेऊन दारात आला. बाप खाटेवर, गळ्यात हार, भोवती शाळा! त्यानं टोपली सोडली आणि अशी बोंब ठोकली की शेजारच्या गल्लीतले लोक धावले.

आज्यानं चादरीतून एक डोळा उघडला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बोंबलू नोको बे महागू! मास्तर लोकाईले जाऊ दे, मंग उठतो मी!"

त्या दिवसापासून महागूला नाटक या गोष्टीचा जो राग बसला तो बसलाच. "घरात एक नाटक्या होता थोच लय होता," तो म्हणायचा. "आता दोन झाले!"

*

आता या पोरानं बारावी झाल्यावर बापाला सांगितलं, "बाबा, मी नाटकात जातो. मले नट व्हाचं हाय. अन् नाटक लिवाचं हाय."

महागू जेवत होता. त्यानं जेवण संपवलं, हात धुतला, मग बोलला. त्याचा चुलत पुतण्या रमेश पुण्याला एका कंपनीत होता आणि तिथं पोरं लावून द्यायचा. आमच्याकडची अर्धी पोरं आज तिकडंच आहेत.

"तीन मंडया देतो तुले," महागू म्हणाला. "तीन मंडयात तुहं सोताचं नाटक आपल्या गावात लागलं, तं ठीक. नाई लागलं, तं पिशवी भराची अन् रमेशकडं जाचं. अन् मी तुहं एक बी नाटक पाहाले येनार नाई, हे बी आयकून ठेव."

मंडई म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक भाजीची पिशवी घेऊन निघतात. आमची मंडई म्हणजे जत्रा. दिवाळी झाली, धान कापून झालं, की एकेका गावाची मंडई ठरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, दुकानं लागतात आणि नाटक लागतंच लागतं. ज्या गावात नाटक नाही, त्या गावाच्या मंडईला कोणी मंडई म्हणत नाही. दुधरामच्या नव्या गावात पाळणे यायचे, जिलेबी यायची, पण नाटक अजून एकदाही लागलं नव्हतं.

म्हणजे पोराजवळ होते तीन हंगाम. आणि बाप शब्दाचा पक्का.

*

आमच्या मंडळाचे दिग्दर्शक मास्तर. शाळेचे नव्हेत, तालमीचे. दिवसा तुमसरला राइस मिलमध्ये सुपरवायझर. आयुष्य मशीनच्या आवाजात गेल्यामुळे ते चहासुद्धा असा मागतात की गल्लीतलं कुत्रं उठून बसतं.

दुधराम त्यांच्यापाशी गेला. मास्तर म्हणाले, "आवाज दाखव."

दुधराम बोलला.

"मले अयकू नाई आलं. उद्या मिलमध्ये ये."

ही मास्तरांची शाळा! मशीन चालू. एका टोकाला मास्तर उभे, दुसऱ्या टोकाला पोरगा. मध्ये पोत्यांच्या थप्प्या आणि हवेत कोंडा. मशीनच्या आवाजावरून डायलॉग मास्तरांपर्यंत पोचला तर पास. घसा ताणायचा नाही, आवाज पोटातून काढायचा. पहिल्या आठवड्यात दुधरामचा आवाज बसला. दुसऱ्या आठवड्यात तो उठला. तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी प्रेमाचा सीन दिला.

दुधरामनं हात पसरले, छाती भरली आणि सगळा जीव लावून ओरडला, "ये! अशी लाजू नकोस! माझ्या मिठीत ये!"

आणि नेमकी त्याच क्षणाला लाइट गेली! मशीन बंद. अख्खी मिल चिडीचूप. त्या शांततेत "मिठीत ये" पत्र्यावर आपटून चारदा घुमलं. मालक केबिनमधून बाहेर आले. झाडू मारणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या.

थप्पीच्या मागून पाठीवर पोतं घेतलेला एक म्हातारा हमाल बाहेर आला आणि म्हणाला, "येतो ना बाबू, पयले पोतं तं ठेवू दे!"

मास्तर म्हणाले, "पास."

*

पहिली मंडई.

आमच्याकडं प्रॉम्प्टर म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. हंगामात नट आज एका गावात एक नाटक करतो, उद्या दुसऱ्या गावात दुसरं. पाठ कुठवर करणार? म्हणून मी स्टेजच्या पुढच्या कडेला बसतो आणि पूर्ण नाटक वाचतो. नट माझं ऐकून बोलतात. हे सगळ्यांना माहीत असतं, प्रेक्षकांनाही. कोणाला काही वाटत नाही.

दुधरामला पहिला पार्ट मिळाला हवालदाराचा. वाक्य एकच. "चला साहेब, जीप तयार आहे." खुनाचं नाटक होतं आणि खुनी शेवटच्या अंकात सापडणार होता.

आता या पोरानं काय करावं? एक वाक्य मिळालं म्हणून वाईट वाटलं असेल, त्यानं अख्खं नाटक पाठ केलं! सगळ्यांचे डायलॉग!

दुसऱ्या अंकात इन्स्पेक्टर, म्हणजे आमचा हिरो, माझ्याकडं कान लावून उभा. माझा चष्मा जरा घसरला म्हणून मी अर्धा सेकंद थांबलो. तेवढ्यात मागून हवालदार बोलला, "साहेब, 'त्या रात्री तू कुठं होतास' म्हना!"

हिरोनं म्हटलं. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. मी तोंड उघडायच्या आत हवालदार! नंतर तर तो आरोपीलाही सांगायला लागला. "तू म्हन, मी घरी होतो. मंग साहेब म्हनतीन, खोटं बोलतो."

मी लाल झालो. तोवर माझ्या पोटावर असा पाय कोणी दिला नव्हता!

शेवटी पहिल्या रांगेतला एक म्हातारा घोंगडं सावरत उठला. "अबे हवालदार!" तो ओरडला. "तुले सगळंच मालूम हाय, तं खून कोनं केला थे बी सांगून टाक ना! आमी घरी जातो!"

*

दुसऱ्या मंडईला दुधरामला बढती मिळाली. व्हिलन!

नायिका शालूताई. चाळिशीच्या, नागपूरकडच्या, आणि स्टेजवर अशा की भल्याभल्या नटांना घाम फुटावा. सीन असा: शालूताई विहिरीवर पाणी भरताहेत, व्हिलन येतो, मोठ्यानं हसतो आणि हात धरून ओढत नेतो.

स्टेजवर पाऊल टाकायच्या आधी मोठ्यांच्या पाया पडायचं, ही मास्तरांची शिकवण. दुधराम विंगेत सगळ्यांच्या पाया पडला. मास्तरांच्या, पडदेवाल्याच्या, मेकअपवाल्याच्या. शालूताई आधीच स्टेजवर गेलेल्या, त्यांच्या पडायचं राहिलं.

म्युझिक वाजलं. दुधराम मिशीवर हात फिरवत एन्ट्रीला आला. शिट्ट्या पडल्या. त्यानं ते भयंकर हास्य केलं, तीन पावलं पुढं गेला आणि वाकून शालूताईंच्या पायाला हात लावला!

मी पुस्तकात तोंड लपवलं.

शालूताई मात्र शालूताई. कमरेवर घागर, दुसरा हात दुधरामच्या डोक्यावर ठेवला आणि बायांच्या बाजूकडं वळून म्हणाल्या, "पाहा वो बायांनो! पयले आशीर्वाद घेते, मंग पळवून नेते! असा जवाई भेटन का कुठं?"

त्या गावात आजही दुधराम गेला की बाया विचारतात, "का हो व्हिलन, पोरगी पाहू का?"

*

त्याच हंगामातला दुसरा किस्सा. याला तर मीच साक्षी आहे, अर्ध्या हाताच्या अंतरावर होतो.

नाटकात दुधराम मेला होता. छातीत गोळी. शालूताई प्रेताजवळ बसून रडणार, तेवढ्यात आयोजक माइक घेऊन स्टेजवर चढले. "दोन मिनिटं नाटक थांबवतो. प्रमुख पाहुणे आत्ताच आलेले आहेत. त्यांच्या हस्ते कलावंतांचा सत्कार!"

आमच्याकडं हे चालतं. पाहुणे येतील तेव्हा सत्कार. कथा थांबते, लोक थांबतात, मेलेले पडून राहतात.

पाहुण्यांनी सगळ्यांना शाल-नारळ दिला. दुधराम डोळे मिटून पडलेला. पाहुणे म्हणाले, "आणि हे?"

आयोजक म्हणाले, "थो मेला, साहेब."

"म्हणून काय झालं? कलावंत तर आहेत! सगळ्यांत छान हेच मेले."

झालं. दुधराम उठला. छातीला लाल रंग. नमस्कार केला, शाल घेतली, नारळ घेतला, टाळ्या पडल्या आणि आपल्या जागी जाऊन पुन्हा मेला. पण नारळ कुठं ठेवणार? शिस्तीचा पोरगा! छातीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून मेला.

मी पुढचं वाक्य वाचलं. वाचताना मलाच कळलं की गडबड आहे, पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? शालूताईंनी हंबरडा फोडला:

"गेला रे माझा राजा! रिकाम्या हातानं आला, रिकाम्या हातानं गेला!"

*

हसू नका. कारण या हसण्या-खिदळण्यात दोन मंडया संपल्या होत्या. दुधरामजवळ एकच उरली होती, आणि नाटकाचं एक पानही लिहून झालं नव्हतं. रमेशचा पुण्याहून फोन आला की महागू मुद्दाम मोठ्यानं बोलायचा, "हाव हाव, जागा धरून ठेव!"

उन्हाळ्यात दुधराम माझ्या दुकानात येऊन बसायला लागला. वही घेऊन. ट्रकवाले काय बोलतात, बाया काय बोलतात, म्हातारे कसे भांडतात, सगळं उतरवायचा. गावातही तेच. लोकांना कळलं की पोरगा नाटक लिहितोय. मग काय! ज्यानं त्यानं त्याला गाठून आपली गोष्ट सांगितली, आणि ज्यानं गोष्ट सांगितली त्यानं पार्ट मागितला. "माही म्हैस बुडाली थे टाकजो. अन् मी सोता येतो करायले."

महिन्याभरात त्यानं मास्तरांपुढं नाटक ठेवलं. पात्रं बहात्तर!

मास्तरांनी यादी वाचली. पहिलं पान, दुसरं पान, तिसऱ्या पानावर म्हैस. वही मिटली.

"दुधराम, तुमच्या गावात माणसं किती?"

"असतीन चारशेक."

"मंग बाकीच्याईनं काय गुन्हा केला? त्यायले बी घे. फक्त एवढं सांग, सगळं गाव स्टेजवर चढलं तं खाली बसून पाहीन कोन? बैल?"

*

पात्रं बहात्तरवरून आठवर आली. म्हैस गेली. उरला एक म्हातारा ढिवर. त्याचा तलाव गावातले बडे लोक ठेक्यात हडप करतात आणि तो आपल्याच पाण्याकाठी परका होतो. मी ते पंक्चर काढता काढता ऐकलं आणि सोल्युशन बोटाला चिकटून बसलं. पण मास्तर म्हणाले, "मले काय इचारतो? रोवण्यावाल्या बायाईले इचार."

पाऊस झाल्यावर बाया चिखलात ओळीनं वाकून धानाची रोपं लावतात, तो रोवणा. मास्तरांची परीक्षा साधी: बांधावर उभं राहून नाटक वाचायचं. बायांचे हात चालू राहिले तर सीन नापास. हात थांबले तर पास!

दुधराम उभा राहिला बांधावर, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात वही. पहिला अंक वाचला. बायांनी एकमेकींच्या सुनांच्या गोष्टी केल्या, रोपं भराभर लागली. दुसरा अंक सुरू झाला. म्हाताऱ्याला तलावावरून हाकलतात, तो घरी जाऊन बायकोला काहीच सांगत नाही, नुसता जेवायला बसतो. बाया गप्प झाल्या. हात थांबले. एकीनं पदर डोळ्याला लावला, तो चिखलाचा निघाला.

"मंग? बायकोले सांगते का नाई थो?"

तेवढ्यात वावराचे मालक सीतारामजी छत्री उगारत पलीकडून आले. "अबे ए नाटक्या! अर्धी बांधी रोवाची पडून हाय अन् बाया तुह्या बुढ्यापायी रडून राहिल्या! निघ अथून!" पुढचे शब्द मी लिहू शकत नाही, घरात मुली वाचतात.

दुधराम पळाला, पण पळता पळता त्यानं मास्तरांना फोन लावला. "मास्तर! शिव्या भेटल्या!"

मागे मिल चालू होती तरी मास्तरांना ऐकू गेलं. "कोन्त्या अंकाले?"

"दुसऱ्या!"

"पयल्याले किती भेटल्या?"

"पयल्याले काईच नाई भेटल्या."

"मंग पयला फाडून टाक," मास्तर म्हणाले. "दुसऱ्यापासून तालीम सुरू."

*

नाटकाचं नाव दुधरामनं ठेवलं होतं 'पाणी'.

मास्तर म्हणाले, "पान्याले कोन तिकीट काढते बे? नळाले फुकट येते."

पोस्टर छापून आलं: 'पेटलं कुंकू वैनगंगेच्या काठी!' नाटकात कुंकू कुठंच पेटत नव्हतं. दुधराम दोन दिवस रुसून बसला. पण गावाच्या मंडई कमिटीनं पोस्टर पाहिलं आणि त्याच बैठकीत नाटक पक्कं केलं.

*

आणि मग तिसरी मंडई. नव्या गावातलं पहिलं नाटक.

स्टेज महागूच्या घरापासून वीस पावलांवर. आता बघायला येणार नाही म्हणणारा माणूस जाणार कुठं? आवाज तर घरात येणारच. महागू ओसरीवर बसला. मग अंगणात बसला. मग "खुर्च्या बराबर लावल्या का पाहून येतो" म्हणून आला आणि कोपऱ्यात खाली बसला. दुधरामला हे माहीत नव्हतं. मला दिसत होतं.

पुढं सोफे. सोफ्यांवर सरपंच, गळ्यातल्या हारासकट प्रमुख पाहुणे आणि कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्या मागं अख्खं गाव. आणि गाव कोणाचं? ढिवरांचं! लक्षात ठेवा.

पहिला प्रवेश छान झाला. दुसऱ्यात म्हातारा ढिवर, म्हणजे दुधराम, शेवटचं एकदा तलावावर येतो, जाळं फेकतो आणि बोलतो. त्या बोलण्यावर सगळं नाटक उभं होतं. जाळं त्यानं घरातलंच आणलं होतं, बापाला न विचारता.

तालमीत मास्तरांनी त्याला शिकवलं होतं, तोंड प्रेक्षकांकडं, छाती पुढं, हात असे वर, मग म्युझिक, मग फेक. दिसायला झकास! तालमीत आम्ही जाळ्याऐवजी शालूताईंची ओढणी वापरली होती.

दुधरामनं तोंड प्रेक्षकांकडं केलं. छाती पुढं. हात वर. म्युझिक. फेकलं.

जाळं ओल्या वाकळेसारखं त्याच्याच पायावर पडलं.

चारशे ढिवर. एकही हसला नाही, ते जास्त वाईट. मग मागून एक म्हातारी हळहळून बोलली, "अवो माय, महागूचा पोरगा ना हा?"

दुधराम थिजला. सगळं नाटक पाठ असणारा पोरगा, स्वतः लिहिलेलं वाक्य विसरला! मी वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा तर असं वाचलं की शेवटच्या रांगेला गेलं. त्याला ऐकूच येईना. पायातल्या जाळ्याकडं बघत नुसता उभा. त्याच्या डोळ्यांत मला पुण्याची गाडी दिसली, डब्यासकट.

तेवढ्यात कोपऱ्यातून महागू उठला.

चप्पल खाली काढली. स्टेजला हात लावून कपाळाला लावला. वर चढला. पेटीवाल्याला वाटलं नाटकातच आहे, त्यानं सूर धरला.

"कोपर पाह," महागू पोराला म्हणाला. माइक खाली लटकत होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "तोंडाकडं नोको पाहू. कोपर पाह माहं."

त्यानं जाळं उचललं, घड्या घातल्या, थोडं खांद्यावर घेतलं, एक कड दातात धरली. सगळ्या गावाकडं पाठ केली. कमरेतून एक गिरकी घेतली आणि सोडलं.

देवाशपथ सांगतो, असं उघडलेलं जाळं मी कधी पाहिलं नाही. पुरं गोल! दिव्यांच्या उजेडात एक क्षण हवेत थांबलं आणि मग खाली आलं ते सरळ सोफ्यांवर! सरपंच, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, त्यांचा हार, सगळे आत! जाळ्याच्या काठाला बांधलेल्या शिश्याच्या गोळ्या सोफ्याच्या कडांवर टकाटक वाजल्या.



महागूनं दोरी हातात धरून खाली पाहिलं. सावकाश. जसा तो रोज पाहत असेल.

"आज मोठे लागले," तो म्हणाला.

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी! शिट्ट्या, टॉवेल, टोप्या हवेत! आयोजक सोडवायला धावले, तर जाळ्यातूनच प्रमुख पाहुणे म्हणाले, "थांबा थांबा, सीन डिस्टर्ब करू नका!"

महागू पोराकडं वळला. "आता बोल ना. थांबला काहून?"

आणि दुधराम बोलला. मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. महागू दोरी धरून तिथंच स्टेजच्या कडेला बसला, कारण मध्येच उतरणं बरं दिसेना. पाहुणे पूर्ण प्रवेश जाळ्यात बसून होते. मागे मघाशी हळहळलेली ती म्हातारी आता रडत होती, पण वेगळ्या कारणानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मास्तर महागूच्या अंगणात चहा पीत होतो. दोन गावांचे लोक आधीच येऊन बसलेले. त्यांचं म्हणणं एकच. "नाटक पायजे. पन जाळंवाला पायजेच. अन् आमचा बी सरपंच धरला पायजे."

महागू खाली मान घालून जाळं सांधत होता.

दुधरामचा फोन वाजला. रमेश, पुण्याहून. दुधराम बापाकडं पाहत उभा राहिला. फोन वाजतच राहिला. शेवटी महागूनं हात लांब करून तो घेतला.

"हाव रमेश, बोल बाबू. दुधराम? नाई रे, नाई जमत. यंदा बिलकुल टाइम नाई." त्यानं जाळ्यातली गाठ दातानं ओढून घट्ट केली. "आमची तालीम हाय."